शाफ्टचं अर्धं तिकीट

देवगडच्या गाडीतनं तो उतरला तेव्हा
खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला साडेचार फुटी शाफ्ट,
पिशवीत कपलिंगचे दोन तुकडे,
आणि वेगळ्या कागदात सुके बांगडे.
कंडक्टरनं शाफ्टचंही अर्धं तिकीट फाडलं, म्हणाला.
ते तिकीट त्यानं टेबलावर नटाखाली दाबून ठेवलं,
जणू बिलात धरायचं होतं.

जानू कोयंडे. होडी तिघा भावांची, इंजिन जुनं घेतलेलं.
"रिवर्स मारलंय नि शाफ्ट सटाक करून मागे गेलो.
सुकाणू आडवां इलां म्हणान थांबलो.
नायतर शाफ्ट दर्यात, नि दर्या होडयेत."

उद्यमनगरात लेथवर मला बत्तीस वर्षं झाली.
कपलिंग किती केली, मोजली नाहीत.
गुऱ्हाळाच्या चरकाची, नदीकाठच्या मोटारींची,
कारखान्यातल्या मळीच्या पंपाची.
माझं सगळं फिरणं उसाच्या रसासाठी.
समुद्र मी पाहिलेला नाही.
म्हणजे, एकदा गणपतीपुळ्याला, बस थांबली तेवढा.

चावी पाहिली. मधनं कापलेली,
वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी.
सेटस्क्रू शाफ्टवर नुसताच टेकलेला होता.
त्याच्या टोकानं एक ओरखडा काढला होता,
चकचकीत, वीतभर, मागच्या दिशेनं.
निसटणाऱ्याला त्यानं धरून बघितलं होतं.

शीतल, माझ्याकडचा पोरगा, विचारतो,
"इतकी वर्षं होडी पुढं गेली, तवा कसं न्हाई सुटलं?"
पुढं जाताना पंखा शाफ्टला आत रेटतो, म्हटलं.
ढिलं असलं तरी खपून जातं.
मागं यायचं झालं की मग कळतं.
जानूनं चहा बशीत ओतला.
"धाकटो गेल्या वर्षी वाटणी मागून गेलो," म्हणाला,
आणि बशी रिकामी होईपर्यंत दुसरं काही नाही.

लेथ सुरू केला. जॉबवर पांढरं पाणी वाहायला लागलं,
निळे कीस वेटोळे घेऊन पडायला लागले.
जानू त्या पाण्याकडंच बघत बसला.
बोअर असा केला की शाफ्ट हातानं आत जाईल,
पण जाताना जरा कुरकुरेल.
चावीला निळी शाई लावायची, ठोकायची, काढायची,
जिथं शाई पुसली तिथंच कानस.
चौदा वेळा. शीतल मोजत होता.
मग शाफ्टमध्ये सेटस्क्रूच्या टोकापुरता खळगा, सूतभर खोल.
आता तो टेकणार नाही, बसेल.

स्क्रूंच्या डोक्यांना आरपार भोकं पाडली.
तार मी इथं बांधू शकत नव्हतो,
शाफ्ट आधी बाहेरनं होडीत जाणार, कपलिंग नंतर.
म्हणून व्हाइसमध्ये दाखवली:
अशी ओवायची, अशी पिळायची,
एक सैल व्हायला बघेल तर तार दुसऱ्याला आवळेल.
त्यानं दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा माझ्यापेक्षा घट्ट.
जाळी विणणारी बोटं.

"आणि दोन्ही तोंडं जुळवून घे," म्हटलं, "किनाऱ्यावरच, निवांत."
तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
"किनाऱ्यार नाय मास्तर. लाकूड पाण्यात गेला की बसता.
मापां पाण्यातच घेवची."
माझं मशीन सिमेंटमध्ये रोवलेलं.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझा फिलर गेज त्याला दिला.
चार थाऊचं पातं, चारी बाजूंनी सारखं फिरलं पाहिजे.
बिलात मी शाफ्टचं अर्धं तिकीट वजा केलं,
त्यावर तो थोडा भांडला.

सव्वा महिन्यानं एसटीच्या पार्सलात गेज परत आला,
चिठ्ठी नाही.
सगळी पाती स्वच्छ, तेल लावलेली.
फक्त चार थाऊच्या पात्यावर मिठाचा तांबूस गंज.
शीतल रॉकेल आणि फडकं घेऊन आला.
राहू दे, म्हटलं.
चरकाचं काम उद्या द्यायचं होतं.